नमुन्याप्रमाणे सही

सहीसाहेबांची सही जुळली नाही, ही बातमी सगळ्या बँकेत पसरायला सकाळच्या चहाची एक फेरी पुरली. पहिल्यांदा ती कुणाला खरी वाटेना. कॅशियरने कप खाली ठेवून विचारलं, "कुणाची? यांची?" आणि मग तो इतका वेळ हसला, की रांगेतल्या लोकांना आपल्याच तोंडाला काहीतरी लागलंय असं वाटून दोघातिघांनी रुमाल काढले.

हसण्यासारखंच होतं ते. अठ्ठावीस वर्षं सहीसाहेब एकच काम करत आले होते. चेकवरची सही आणि बँकेच्या कार्डावरची नमुना सही शेजारी शेजारी धरायची, डावा डोळा बारीक करायचा आणि निकाल द्यायचा. जुळली तर कोपऱ्यात छोटीशी आकडी काढायची. नाही जुळली तर लाल शाईचा शिक्का: ‘सही जुळत नाही’. हा शिक्का ते ड्रॉवरमध्ये कुलूपबंद ठेवत आणि रजेवर जाताना किल्ली घरी नेत. त्यामुळे ते रजेवर असले की त्या शाखेत सगळ्यांच्या सह्या जुळत. गल्लीत त्यांना पाठीमागे ‘जुळेनाकाका’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मते ती एक प्रकारची पदवीच होती.

मग बुटांच्या खोक्याएवढं एक यंत्र आलं. त्याला डोळा बारीक करावा लागत नसे. कागद आत सरकवला की एका सेकंदात हिरवा नाहीतर लाल दिवा. यंत्र येण्याआधी सहा महिने मुख्य कार्यालयाने सहीसाहेबांनी आजवर पाहिलेले सगळे जुने चेक मागवून घेतले होते. पोतीच्या पोती. सहीसाहेबांनी ती स्वतः झटकून, दोऱ्या बांधून पाठवली होती. आपल्या कामाचा कुठेतरी गौरव होणार, निदान एखादी शाल आणि प्रमाणपत्र तरी, असा त्यांचा अंदाज होता. बायकोला त्यांनी तसं सूचितही केलं होतं.

शाल आली नाही, परिपत्रक आलं. सह्या तपासण्याचं काम आता यंत्र करणार असल्याने संबंधित कर्मचाऱ्यांनी पर्यायपत्र भरून द्यावे. पर्याय (अ): स्वेच्छानिवृत्ती. पर्याय (ब): बँकेत दुसरे काम. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत वैध सहीचे पत्र न आल्यास कर्मचाऱ्याने स्वेच्छेने (अ) निवडला असे समजण्यात येईल. आपली स्वेच्छा आपल्याला न विचारता कुणीतरी वापरू शकतं, हे सहीसाहेबांना नवीन होतं. निवृत्तीला अजून सात वर्षं होती, घराचे हप्ते चालू होते आणि लेकीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी होती. त्यांनी सोमवारी सकाळीच (ब)वर खूण केली, सही केली आणि कागद यंत्रात सरकवला.

लाल दिवा लागला. खालून चिठ्ठी आली: ‘सही जुळत नाही. गुण ४३. किमान ८० आवश्यक. उरलेल्या संधी: २.’ अक्षरं त्यांनी लगेच ओळखली. ती त्यांच्याच शिक्क्याची अक्षरं होती, ‘जु’चा उकार तुटलेला होता तसाच.

नमुना कार्ड काढून पाहिलं तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. नोकरीला लागले त्या दिवशी, नवं पेन आणि नवी नोकरी या दुहेरी आनंदात त्यांनी सही केली होती. तीत पूर्ण नाव होतं, वडिलांचं नाव होतं, आडनाव होतं, सगळ्यांना कवेत घेणारी एक वेलांटी होती, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं होती. पुढे रोज तीन-चारशे कागदांवर सही करायची पाळी आल्यावर प्रथम वडील गेले. मग आडनाव. मग स्वतःचं नावही दमलं. आता उरली होती एक आकडी आणि तिच्यामागे पळत गेलेली रेघ. टिंबं तर केव्हाच निवृत्त झाली होती.

ते मॅनेजरकडे गेले.

"साहेब, तुम्ही मला ओळखता ना?"

"व्यक्तिशः ओळखतो," मॅनेजर म्हणाले. "अकरा वर्षं ओळखतो. पण बँक म्हणून सध्या ओळखत नाही."

"मग नवा नमुना देतो. कार्ड बदलून टाकू."

"अवश्य. अर्ज करा. फक्त अर्जावरची सही जुन्या नमुन्याप्रमाणे हवी."

"जुन्या नमुन्याप्रमाणे सही करता आली असती, तर नवा नमुना कशाला दिला असता? हा नियम कुठल्या शहाण्याने केला?"

मॅनेजरने फाइल पुढे सरकवली. एकोणीस वर्षांपूर्वीची सूचना होती. ग्राहक नमुना बदलण्याच्या नावाखाली फसवणूक करतात, तरी अर्जावर जुनी सहीच असावी. सूचना करणाऱ्या कर्मचाऱ्याला मुख्य कार्यालयाने भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं होतं. ते घड्याळ सहीसाहेबांच्या घरी अजून चालतं, थोडं मागे.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "माझा नमुना बदललाय."

"माझ्या समोर तर तोच बसलाय," ती म्हणाली.

पण तीही मनातून हादरली होती, कारण तिने न मागता चहा केला. लेकीने वही आणली आणि तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जुनी सही गिरवू लागली. तासाभरात असं लक्षात आलं, की सगळ्यांत चांगली सही लेकीची येते, त्याखालोखाल बायकोची, आणि सर्वांत वाईट खुद्द सहीवाल्याची. "बाबा, मीच करून देऊ का?" लेकीने सहज विचारलं. सहीसाहेब उठून उभे राहिले. ज्या घराचा कर्ता अठ्ठावीस वर्षं बनावट सह्या पकडत आला, त्या घरात हा प्रश्न विचारला जावा, याचा त्यांना एवढा धक्का बसला की त्यांनी वही काढून घेतली आणि कपाटात ठेवली. मग दहा मिनिटांनी परत काढली.

मंगळवारी गल्ली मदतीला धावली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक दुरेघी वही घेऊन आले. बिघाड सहीत नसून बसण्यात आहे, असं त्यांचं निदान होतं. पाठ ताठ, कोपर टेबलावर, पेन दोन बोटांत, आणि रोज पाच पानं शुद्धलेखन. समोरच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं पडलं. पंचविशीतली सही पंचविशीतल्या खांद्यातून येते. तेव्हा आधी खांदा मोकळा करा, सही मागाहून येईल. मग त्यांनी सहीसाहेबांना जिन्यात उभं करून हात गरागरा फिरवायला लावला आणि पहिल्या मजल्यावरचा विजेचा दिवा फुटला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ती सही केली तेव्हा जेवला होता का?" आठवत नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मूळ गोष्टच लक्षात ठेवली नाही, मग पुढचं काय बोलायचं, असा त्या मानेचा अर्थ होता.

मुख्याध्यापकांची पानं गिरवून आणि डॉक्टरांचा हात फिरवून सहीसाहेब बुधवारी दुसऱ्या संधीला उभे राहिले. चिठ्ठी आली: गुण ३९. दोन दिवसांच्या सरावाने चार गुण कमी झाले होते. कॅशियर या वेळी हसला नाही. त्याच्या जागेवरही पुढच्या महिन्यात एक खोकं येणार असल्याची कुणकुण त्याला लागली होती.

त्या संध्याकाळी घरी जाताना सहीसाहेब इमारतीखालच्या टेलरमास्तरांच्या दुकानाशी थांबले. खरं तर ते तिथे कधी थांबत नसत. त्याला कारण होतं. मास्तरांचे चार चेक त्यांनी परत पाठवले होते. मास्तर बेताचं शिकलेले. सही एकदा तिरकी, एकदा सरळ, एकदा शेवटचं अक्षरच गायब. आता मात्र प्रश्न कागदावरची रेघ जशीच्या तशी उतरवण्याचा होता, आणि गल्लीत हे काम एकाच माणसाला येत होतं. भिंतीवरच्या खिळ्यांना पुठ्ठ्याचे कॉलर, बाह्या, खिसे टांगलेले होते. एकेका गिऱ्हाइकाचं माप एकेका खिळ्यावर.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हसले नाहीत. सहीसाहेबांना ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

"नमुन्याची झेरॉक्स आणलीय?" त्यांनी विचारलं. मग पुठ्ठा घेतला, कार्बन ठेवला, आणि बारीक कात्रीने सहीतली वळणं अशी कापून काढली की पेनचं टोक बरोबर त्या फटीतून फिरावं. वेलांटी, रेघ, दोन टिंबं. "सहसा मी माप जरा मोठं ठेवतो," ते म्हणाले. "कापड धुतल्यावर आटतं."

"सही कुठे आटते, मास्तर?"

"तुमची आटलीय ना."

सहीसाहेबांनी विषय बदलला, "तुमचा चेक नाही आला हो परत, बऱ्याच वर्षांत."

"नाही येत आता." मास्तरांनी कात्री पुसली. "तो चौथा परत आला ना, तो काज-बटणाच्या मशीनचा होता. मशीनवाला थांबला नाही. शाळेच्या गणवेशांचं काम मशीन असलेल्याकडे गेलं, ते गेलंच. तेव्हापासून रोज दुकान उघडलं की आधी एक सही करतो. पट्टी लावून. एकोणीस वर्षं झाली." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या शर्टाची उंची सांगावी तसं त्यांनी सांगितलं. शिलाई किती, असं विचारल्यावर मात्र म्हणाले, "पुठ्ठ्याची काय शिलाई."

गुरुवारी सकाळी सहीसाहेबांनी पुठ्ठा पर्यायपत्रावर ठेवला, पेन फिरवलं, टिंबं दिली. सही हुबेहूब उतरली. पंचविशीतला तो उत्साही तरुण क्षणभर कागदावर उभा राहिला, तेव्हा त्यांना अगदी भरून आलं. कागद आत गेला. यंत्र नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबलं. मग चिठ्ठी: ‘गुण १००. कोणतीही व्यक्ती स्वतःची सही इतकी अचूक करत नाही. नक्कल. उरलेल्या संधी: ०.’

ते खुर्चीत बसून राहिले. यंत्राची देखभाल करायला आलेली इंजिनिअर मुलगी पलीकडे बसली होती, ती उठून जवळ आली. वयाने त्यांच्या लेकीएवढी असेल.

"काका, एक सांगू? यंत्र कडक नाहीये. तुमच्याशी कडक आहे." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा."

पडद्यावर गोदामवाल्या शेठच्या सह्या होत्या. एकीत अक्षर होतं, दुसरीत लाट होती, तिसरी म्हणजे फोनवर बोलता बोलता ओढलेली नुसती रेघ. गुण अनुक्रमे ३१, २२ आणि ९. सगळ्यांपुढे हिरवा दिवा.

"बिघडलंय हे," सहीसाहेब म्हणाले. त्यांना एकदम हुशारी आली. "मी लेखी देतो. माणूसच लागतो शेवटी या कामाला."

"बिघडलेलं नाही, काका. आम्ही त्याला नियम शिकवलेच नाहीत. तुमचे चेक दिले पोतीभर आणि सांगितलं, हा माणूस बघतो तसं बघ. त्याने बघितलं. खात्यात रक्कम मोठी असली की तुम्ही सही पास करता. ती लहान असली की तुम्ही सही बघता." ती थोडी ओशाळली. "मोठ्या खात्यांना संधींची मर्यादाही नाही. तुमचं पगाराचं खातं त्याने लहानांत धरलंय."

हे खोटं आहे असं सहीसाहेबांना म्हणायचं होतं, पण शेठचे चेक आठवले. शेठचा चेक ड्रायव्हर घेऊन येई. मागे मॅनेजर उभे असत, हातात चहाचा कप. मोठी माणसं घाईत असतात, असं मनाशी म्हणत सहीसाहेब आकडी काढत. कार्ड कपाटातून काढायचेही नाहीत. डावा डोळा ते कुणासाठी बारीक करत? भाजीवालीसाठी, रंगाऱ्यासाठी, काज-बटणाचं मशीन घ्यायला निघालेल्या माणसासाठी. अठ्ठावीस वर्षं आपण सह्या बघत होतो अशी त्यांची समजूत होती. त्यांना फार लाज वाटली, आणि ती कुणाला दाखवायची हेही कळेना.

मेहुण्याला मात्र यात आनंदाची बातमी दिसली. "भावोजी, मग सोपं आहे की. माझे प्लॉटचे पैसे आलेत. एक दिवस तुमच्या खात्यात टाकतो. खातं मोठं झालं की संधीच संधी. मग वाटलं तर मांजर काढा कागदावर." गुरुवारी सगळा दिवस सहीसाहेब नको म्हणत होते आणि शुक्रवारी सकाळी हो म्हणाले. मेहुण्याने ऐटीत चेक लिहिला. तो यंत्रात गेला आणि लाल दिवा लागला. प्लॉटच्या पैशांनीही खातं यंत्राच्या लेखी लहानच राहिलं होतं, आणि मेहुण्याची सहीही जुळत नसल्याचं निष्पन्न झालं. शुक्रवारी दुपारचे बारा वाजले होते.

"अहो," बायको फोनवर म्हणाली, "अंगठा तरी तोच आहे ना तुमचा?"

तशी तरतूद होती. ज्यांना सही करता येत नाही, त्यांनी अंगठा उठवावा. त्याआधी एका ओळीवर खूण करायची होती: ‘मला सही करता येत नाही.’ वाणिज्य शाखेचे पदवीधर, घड्याळाचे मानकरी सहीसाहेब त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले. ज्यांच्याकडे अंगठ्याच्या शाईची डबी दोन बोटांनी सरकवायची, त्या लोकांच्या रांगेत आपण आज उभे आहोत, हे पचायला वेळ लागला. मग त्यांनी खूण केली. खोटंही नव्हतं ते.

पण अंगठ्याला साक्षीदार लागतो. नात्यातला नको, नोकरीतला नको, आणि साक्षीदाराची सही जुळायला हवी. मॅनेजरने विचारण्याआधीच सहीसाहेब म्हणाले, "हा नियमही माझाच आहे." गल्ली पुन्हा धावून आली. मुख्याध्यापक पाठ ताठ करून बसले, कोपर टेबलावर टेकवलं आणि त्यांना गुण पडले ३८. पाच पानं शुद्धलेखन कुणी लिहायचं, हे त्यांना सांगायचा धीर कुणाला झाला नाही. डॉक्टरांना १२ पडले. त्यांच्या अक्षराबद्दल औषधाच्या दुकानदाराला जे वाटत आलं होतं, त्यावर यंत्राने शिक्कामोर्तब केलं. काकूंनी सही करायला नकार दिला, कारण त्या जेवून आल्या होत्या.

चार वाजून गेल्यावर सहीसाहेब स्वतः दुकानात गेले. मास्तर एका पँटला धावदोरा घालत होते.

"मास्तर, मागायला तोंड नाही मला. पण तुमची सही हवी होती."

मास्तरांनी दोरा दातांनी तोडला, चष्मा खिशात घातला आणि पट्टी घेऊन निघाले.

बँकेत त्यांना खुर्ची दिली. ती कॅशियरने आणून दिली, आणि इतक्या वर्षांत मास्तर त्या शाखेत पहिल्यांदाच बसले. सहीसाहेबांनी अंगठा शाईत बुडवून पर्यायपत्रावर उठवला आणि तो कशाला लागू नये म्हणून हवेत धरून उभे राहिले. मास्तर एकेक रकाना बोट ठेवून वाचू लागले. नाव. धंदा. खाते क्रमांक, तो त्यांना पाठ होता. ‘अंगठा करणाऱ्यास किती वर्षांपासून ओळखता?’ त्यांनी लिहिलं, ‘एकोणीस.’ मग हात थांबला.

"साहेब, पुढे ‘कसे ओळखता’ असंही विचारलंय. काय लिहू?"

घड्याळात पाचला दहा कमी होते. शेजारी लिहा, ओळखीचे लिहा, असं सांगता आलं असतं. मॅनेजरने तसं सुचवायला घसाही खाकरला.

"खरं ते लिहा," सहीसाहेब म्हणाले.

मास्तरांनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं: ‘यांनी मला ओळखलं नाही, तेव्हापासून.’ मग खाली पट्टी लावली आणि रोज सकाळी करतात तशी सही केली.

कागद आत गेला. गुण ९७. हिरवा दिवा. सहीसाहेबांची नोकरी राहिली. लाल दिवा लागलेल्या लोकांशी यंत्राशेजारी बसून बोलायचं काम त्यांना मिळाल्याचं मॅनेजरने तिथेच सांगून टाकलं. यंत्राने त्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहिलं नव्हतं, त्याला फक्त सही बघता येते. सहीसाहेबांनी मात्र तो रकाना दोनदा वाचला, दोन्ही डोळे उघडे ठेवून.